नववीच्या मुलांसाठी चित्रपट: शत्रू ठरवलेल्या मुलांची मैत्री

गोदाकाठ
नाशिकरोडच्या मराठी शाळेत नववीच्या शंभरेक मुलांना एक चित्रपट दाखवून त्यावर बोलायचं आहे. विषय आहे युद्धाने किंवा द्वेषाने दुभंगलेल्या समाजातली मुलांची मैत्री. जो तो 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' सुचवतोय. तो घ्यावा का? प्रोजेक्टर 3000 ल्युमेनचा आहे, सभागृहाला पडदे नाहीत आणि इंग्रजी उपशीर्षकं मुलांना झेपणार नाहीत.

रीळवाला
एकच चित्रपट दाखवणार असाल तर तो नको. त्यात नाझी छावणीच्या कमांडंटचा मुलगा कुंपणापलीकडच्या शमुएल या ज्यू मुलाशी मैत्री करतो. पण ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीच्या कुंपणात वीज होती, पहारा होता, आणि तिथे आणलेल्या बहुतेक लहान मुलांना आल्याआल्याच विषारी वायूने मारलं जायचं. कुंपणाशी बसून रोज गप्पा मारणारा शमुएल तिथे शक्यच नव्हता. ऑशविट्झ संग्रहालयाने 2020 मध्ये मूळ कादंबरी शिक्षकांनी टाळावी असं जाहीरपणे म्हटलं होतं. मला त्याहून खटकतो तो शेवट. प्रेक्षक रडतो कमांडंटच्या मुलासाठी, आणि शमुएल बाजूला पडतो.

त्याऐवजी फ्रेंच दिग्दर्शक लुई मालचा 'ओ रव्वार लेझांफां' घ्या (1987, 104 मिनिटं). 1944 चा जानेवारी, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधली कॅथलिक निवासी शाळा. फादर जाँ तीन ज्यू मुलांना खोट्या नावांनी लपवतात. शाळेतला ज्युलियन आणि त्या तिघांपैकी एक असलेला बोने आधी एकमेकांना पाण्यात पाहतात. मग पुस्तकं, पियानो आणि जंगलात हरवलेली एक संध्याकाळ त्यांना जवळ आणते. मालच्या शाळेत खरोखर घडलेल्या घटनेवर हे बेतलेलं आहे.

चर्चा हटकून एका जागी अडकते. गेस्टापो, म्हणजे नाझींचा गुप्त पोलीस, वर्गात येतो तेव्हा ज्युलियन नकळत बोनेकडे पाहतो. 'ह्याच्यामुळे तो पकडला गेला' असा निकाल मुलं लगेच देतात. तिथे थांबू देऊ नका. खबर दिली ती स्वयंपाकघरात काम करणाऱ्या जोसेफने. तो गरीब, लंगडा, पोरांच्या टिंगलीचा धनी. शाळेत चालणाऱ्या काळ्या बाजारात श्रीमंत घरची मुलंही सामील होती, पण नोकरी गेली ती त्याची. चर्चेचा निम्मा वेळ जोसेफला द्या. दुसरं दृश्य रेस्टॉरंटचं: म्हाताऱ्या ज्यू गृहस्थाला नाझींना साथ देणारे फ्रेंच मिलिशियावाले छळतात आणि त्यांना हाकलून देतो एक जर्मन अधिकारी. तो असं का वागला असेल, हे मुलांनाच विचारा.

चित्रपटातल्या शाळेत चॅप्लिनचा 'द इमिग्रंट' दाखवतात तो प्रसंगही सोडू नका. तो मूकपट 1917 चा. त्याच वर्षी दादासाहेब फाळक्यांचा नाशिकात तयार झालेला 'लंका दहन' आला होता. नाशिकच्या मुलांना हा धागा चटकन सापडेल.

आधी स्वतः पूर्ण पाहा. वसतिगृहातल्या वयात येणाऱ्या मुलांची थोडी चावट बोलणी त्यात आहेत.

मधली सुट्टी
खऱ्या मुलांचं पाहायचं असेल तर 'प्रॉमिसेस' हा माहितीपट आहे (2001). जेरुसलेममधली जुळी ज्यू भावंडं देहेशा या पॅलेस्टिनी निर्वासित छावणीत फराज या मुलाला भेटायला जातात. एकत्र जेवतात, खेळतात. आणि फराज त्याच दिवशी रडतो, कारण चित्रपटवाले निघून गेले की ही मैत्री टिकणार नाही हे त्याला कळतं. नंतर भेटी खरंच थांबतात. मध्ये इस्रायली लष्कराच्या चौक्या आहेत आणि फोन एकाच बाजूने होत राहतात. एका भेटीने सगळं सुटतं असा खोटा दिलासा तो देत नाही, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

गोदाकाठ
मालचा ठरवतो. उपशीर्षकं आणि अंधाराचं काय करू? पालकांना बोलावलं तर चालेल?

तंत्रस्नेही
मराठी उपशीर्षकं एसआरटी (उपशीर्षकांची साधी मजकूर) फाइलमध्ये लिहा, जतन करताना यूटीएफ-8 ही अक्षरसंकेत पद्धत निवडा, नाहीतर पडद्यावर चौकोन उमटतील. एका वेळी दोनच ओळी, वाक्यं तोडून. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी उपशीर्षकं पुढेमागे सरकतात. पण सुरुवातीला जुळलेली उपशीर्षकं हळूहळू लांब जाऊ लागली तर दोष चित्रगतीचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा असतो. 24 आणि 25 चित्रांच्या प्रतींची गल्लत झाली की दीड तासात साडेतीन-चार मिनिटांचा फरक पडतो. तो या कळांनी जात नाही. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये चित्रगती बदलून फाइल पुन्हा जतन करावी लागते.

अंधारासाठी द्राक्ष-टोमॅटोवाले वापरतात तो काळा-चंदेरी मल्चिंग पेपर (शेतात माती झाकायचं प्लॅस्टिक) आणा. दुहेरी घडी करून खिडक्यांना लावा, चंदेरी बाजू बाहेर, नाहीतर खोली तापेल. चित्र 8 फुटांपेक्षा रुंद करू नका. रुंदी दुप्पट झाली की उजेड चौथाईवर येतो, आणि या चित्रपटाचे रंग मुळातच हिवाळी, करडे आहेत. पडद्याची खालची कड जमिनीपासून 4 फुटांवर ठेवा, म्हणजे मागच्यांना ओळी दिसतील.

रीळवाला
पालक चालतील. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांपुरतं प्रदर्शन मोकळं आहे. तिकीट लावून किंवा बाहेरच्यांना बोलावून खेळ करायचा तर हक्कधारकाची परवानगी घ्या. प्रत मात्र रीतसर विकत घेतलेली डीव्हीडी असावी. ओटीटीचं घरगुती खातं सभागृहात लावणं त्यांच्या अटींत बसत नाही. सलग चार तासिका मागून घ्या, चर्चा दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.