सवय होते, पण कशाची?

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांबद्दल म्हणतात, 'रोज पाहून सवय होते'. हे अर्धंच खरं. रक्ताची होते. पण जखमीच्या खिशातला फोन वाजत राहतो, पडद्यावर 'आई' दिसतं, आणि आपले हात छाती दाबण्यात गुंतलेले. ती रिंगटोन घरापर्यंत येते. कामापायी असं भीषण वारंवार समोर येणं हेही पीटीएसडीच्या, म्हणजे भीषण अनुभवानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराच्या, निकषात बसतं, हे २०१३च्या डीएसएम-५ने (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) स्पष्ट मांडलंय. घटनेनंतर एकेकाला एकदाच बसवून बोलतं करण्यावर मात्र माझा भरवसा नाही. त्याने पीटीएसडी टळत नाही, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही दिसलं. त्यापेक्षा गाडी धुताना जोडीदाराशी झालेलं बोलणं बरं.

आणि कंबर? जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर तिरकं झालं की सगळा भार खालच्यावर. त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.