बॉनेटखाली सुटी वायर सापडली तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करतो. बाबांची 1984 ची पद्मिनी कोल्हापुरात सहा वर्षं शेडमध्ये उभी होती, दिवाळीत बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या कडेला एक वायर लोंबकळतेय, टोकाला पितळी लग (वायर जोडायचा तुकडा) आणि ऑइलनं इतकी काळी की मूळ रंगच कळेना. चावी फिरवून टेस्ट लॅम्पची (वायरीत करंट आहे का ते दाखवणाऱ्या छोट्या दिव्याची) क्लिप बॉडीला लावली, टोक वायरला टेकवलं, तर लॅम्प जेमतेम मिणमिणला पण डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला! म्हणजे करंट त्या दिव्यातून येत होता, थेट बॅटरीतून नाही. ऑइल प्रेशर स्विचची वायर निघाली. इंजिन बंद असताना तो स्विच वायर अर्थ करतो, म्हणजे बॉडीला जोडतो, म्हणून दिवा लागतो, प्रेशर आलं की विझतो. ही वायर सुटलेली ठेवून गाडी चालवली असती तर ऑइल संपलं तरी कळलं नसतं, म्हणून जीव लावून शोधली. बाबांना फोटो पाठवला तर लगेच फोन आला.

नागपूरहून : दादा, तुम्ही टेस्ट लॅम्प लावला हे फार बरं केलं. माझ्या अँबॅसिडरमध्ये जाड लाल वायर दिसली, मला वाटलं अर्थिंगची असेल, बॉडीला लावली आणि ठिणगी, धूर, अर्धी वायरिंग वितळली. आधीच्या मालकानं जादा हॉर्नसाठी फ्यूज न टाकता थेट बॅटरीवरून ओढलेली होती. आता वायरला हात लावायच्या आधी बॅटरीचं टर्मिनल काढतो.

लेस्टरहून : माझी 1967 ची मॉरिस मायनर. जुन्या ब्रिटिश गाड्यांत रंगांची पद्धत ठरलेली आहे, तपकिरी म्हणजे कायम लाईव्ह, पांढरी इग्निशन चालू असताना, हिरवी तीच पण फ्यूजमधून, काळी अर्थ. बाहेरून रंग उडालेला असला तर वायरींच्या जुडग्यावरची टेप थोडी सोडून बघा, आत तो ताजा सापडतो. माझी वायर कुठल्याच रंगात बसेना, मागं मागं गेलो तर डॅशखाली कापून सोडलेली, कुणीतरी फॉग लॅम्प लावून काढलेले.

साताऱ्याहून : काका, एक विचारायचं होतं, माझ्या पद्मिनीत डेल्कोजवळ (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) बारीक वायर सुटलीय पण गाडी मात्र एका चावीत चालू होते, मग ती कशाची असेल?