"हा कधी काय करेल सांगता येत नाही" असं पोकर खेळणं खरंच फायद्याचं आहे का?

बदामगुलाम:
आमच्यात एकजण उठसूट ब्लफ मारतो (हातात काही नसताना चिप्स लावून समोरच्याला घाबरवतो) आणि वर म्हणतो मी अनप्रेडिक्टेबल आहे. मला तर हे चिप्सची खिरापत वाटणं वाटतं. घरगुती टेबलवर निम्मी मंडळी दुर्रीची जोडी घेऊनसुद्धा शेवटपर्यंत कॉल करत (समोरच्याइतक्याच चिप्स घालत) बसतात, "बघू तरी काय आहे" म्हणून, आता अशांना हूल देऊन काय होणार, हूल बसायला समोरचा आधी घाबरायला तर पाहिजे. पानं आली की बेट (चिप्स लावायच्या) नाहीतर फोल्ड (पानं टाकायची), विषय संपला.

किलवरतिर्री:
अहो मग तुमची पानं आल्यावर चिप्स घालणार कोण? हिशोब बघा, पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १०००, शेवटच्या पानावर तुम्ही १००० लावले, समोरचा १००० घालून २००० मिळवायला बघतोय, म्हणजे तीनातून एकदा बरोबर ठरला तरी त्याचं भागतं. तुम्ही कधीच थाप मारत नाही हे कळलं की तो डोळे झाकून पानं टाकणार. तीन बेटांत एक थाप ठेवा, मग बसतो डोकं खाजवत.

ब्लाइंडवाली:
+१. २००३ ची पोकरची वर्ल्ड सिरीज आठवा. क्रिस मनीमेकर, साधा अकाउंटंट, हातात राजा-सत्ती, इस्पिकचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) हुकलेला, आणि पठ्ठ्याने ऑल-इन केलं, सगळ्या चिप्स लावल्या! समोरच्या सॅमी फार्हाने वरचढ असलेली नव्वीची जोडी टाकून दिली.

बदामगुलाम:
तोच एक डाव सगळे सांगतात. फार्हा मुरलेला खेळाडू, विचार करू शकत होता म्हणून फोल्ड केलं. तिथे आमचे दाजी असते तर कॉल केला असता आणि मनीमेकर परत टेनेसीला हिशोब लिहायला.

किलवरतिर्री:
हाहा, दाजींवर ब्लफ शून्य, मान्य. पण बाकीच्यांवर प्रमाण लागतंच, लहर नाही. २०१७ ला पिट्सबर्गमधे लिब्राटस या कॉम्प्युटर प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं, त्याला ना चेहरा ना अ‍ॅक्टिंग, नुसतं खऱ्या बेटांचं आणि ब्लफचं मिश्रण. माणसाला असं ठरवून बेभरवशी वागता येत नाही, आपण दोनदा ब्लफ पकडला गेला की गप्प बसतो आणि ते सगळ्यांना दिसतं. म्हणून काहीजण घड्याळाचा सेकंदकाटा बघतात, पहिल्या २० सेकंदांत असला तर ब्लफ, नाहीतर चेक (काही न लावता पुढे).

बदामगुलाम:
करून बघतो शनिवारी. दाजी विचारणारच, सारखं घड्याळात काय बघतोस, ताईने लवकर बोलावलंय का.