आधी शिस्त की आधी लेखन?

खडूफळा: शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल मागचा_बाक यांचं विधान: "सकाळी वर्गशिस्त, दुपारी सर्जनशील लेखन, एका दिवसात शिक्षक तयार. वर्ग शांत झाल्याशिवाय लेखन होतच नाही." पहिलं वाक्य विनोद म्हणून सोडून देऊ. दुसरं मात्र घातक. लेखनाच्या तासाला गोंधळ होतो कधी? वह्या वाटताना, विषय सांगितल्यावरच्या पहिल्या दोन मिनिटांत, आणि लवकर आटपलेली मुलं रिकामी बसली की. हा सगळा आखणीचा दोष. वर्गशिस्तीचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी १९७० मध्ये हेच मांडलं: गडबड झाल्यावर शिक्षक कसा रागावतो यानं फारसा फरक पडत नाही, आधी काय करतो यानं पडतो. म्हणून वह्या आधी बाकावर, सूचना नंतर, फळ्यावर मुलांनी पुरं करायचं पहिलं अर्धं वाक्य तयार, आणि आटपलेल्यांसाठी पुढचं काम कोपऱ्यात लिहिलेलं.

मागचा_बाक: साठ मुलांकडे पाठ करून लिहा ते अर्धं वाक्य. वळेपर्यंत मागच्या रांगेत विमानं उडालेली असतील.

खडूफळा: मुलं आत यायच्या आधी लिहायचं असतं ते!

तिसरा_तास: दोघंही मूळ दुखणं सोडून भांडताय. प्रशिक्षणात नुसतं ऐकवतात, करून घेत नाहीत. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात. हे सगळ्यांना पाठ, जमत कुणालाच नाही. जोड्या करा, एकानं प्रश्न विचारायचे, दुसऱ्यानं घड्याळ धरायचं. बहुतेक जण दुसऱ्याच सेकंदाला तोच प्रश्न पुन्हा विचारतात आणि मोजणी शून्यावर येते. शिवाय नंतर वर्गात येऊन कुणी पाहिलं नाही, तर महिन्याभरात सगळं पूर्वपदावर.

लाल_शाई: आणि शुद्धलेखन? सर्जनशीलतेच्या नावाखाली 'छान कल्पना' लिहून वही परत. ऱ्हस्व-दीर्घाचा सत्यानाश!

तिसरा_तास: आलात! एक ओळ घ्या: "पाउस आला. मला खूप आनंद झाला." तुम्ही 'पाउस'भोवती गोल काढणार, मूल पुढच्या वेळी 'सरी' लिहून सुटणार. त्याऐवजी समासात विचारा: आनंद झाला म्हणजे काय केलंस? ते लिहील, "चप्पल हातात घेऊन पळालो." पहिल्या खर्ड्यावर फक्त असे प्रश्न, दुसऱ्यावर एकाच प्रकारच्या चुका. लेखन कसं शिकवावं यावरच्या संशोधनाच्या ग्रॅहम आणि पेरिन यांच्या २००७ च्या आढाव्यात सुटं व्याकरण शिकवून लेखन सुधारलेलं दिसलं नाही, परिणाम उलटाच होता.

लाल_शाई: तुमचा आढावा इंग्रजीचा. आमच्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांत गरिबी येते.

तिसरा_तास: म्हणून दुसरा खर्डा म्हटलं ना!

लाल_शाई: दुसरा खर्डा होतो किती वर्गांत? साठ वह्या दोनदा तपासणार कोण, तुम्ही?

तिसरा_तास: सगळ्या तपासायच्याच नाहीत. दर खेपेला बारा वह्या पूर्ण वाचायच्या, बाकीच्यांनी शेजाऱ्याला वाचून दाखवायचं आणि कुठे अडखळलं तिथे खूण करायची.

लाल_शाई: शेजाऱ्यालाही 'पाउस'च वाटत असेल तर? असो. पहिल्या खर्ड्यापुरती शाई बंद. झालं समाधान?

खडूफळा: मूळ विषय होता प्रशिक्षणाचा. लेखन शिकवणाऱ्यांनी तिथे आधी स्वतः वीस मिनिटं लिहावं, एवढं तरी मान्य?

मागचा_बाक: मान्य. अर्धं वाक्यही मान्य. फक्त ते "मी पक्षी झालो तर" नको. त्यावर साठही मुलं उडूनच जातात, एकही कुठे उतरत नाही.