मदत हवी आहे : ३२-बिट मशीन ठेवायची की काढायची?

तासगाव तालुक्यातल्या एका वाचनालयात ९ जुनी मशीन आहेत, सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). टर्मिनलवर 'एलएससीपीयू' (प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) दिल्यावर ५ मशीनवर ३२ आणि ६४-बिट दोन्ही दिसतं (कोअर २ डुओ), त्यांचा प्रश्न नाही. उरलेली ४ फक्त ३२-बिट : दोन पेंटियम ४ आणि दोन ॲटम एन२७० नेटबुक, रॅम १ जीबी.

अडचण अशी की डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल (सिस्टीमचा गाभा) नाही, इन्स्टॉलरही नाही. त्यामुळे सोर्स लिस्टमधलं (पॅकेज कुठून घ्यायची त्या यादीतलं) आवृत्तीचं नाव बदलून अपग्रेड मारायचं नाही, नवा कर्नल मिळतच नाही. फायरफॉक्सनेही १४५ पासून ३२-बिट लिनक्स सोडलं. डेबियन १२ चा एलटीएस (लांब मुदतीचे सुरक्षा अपडेट) जून २०२८ पर्यंत, म्हणजे घाई नाही, पण ब्राउझर त्याआधीच मान टाकेल.

३२-बिट सोडणाऱ्या या प्रोजेक्टवाल्यांना दोष देववत नाही. टेस्टिंगला मशीनच नसेल तर बग सापडणार कुठून? आणि पेंटियम ४ चा नुसता प्रोसेसर लोडवर ८० वॉटच्या आसपास खातो. तो भंगारात गेला तरी चालेल. नेटबुकचा जीव मात्र तुटतो, एन२७० ला जेमतेम अडीच वॉट लागतात.

नेटबुकवर फक्त पुस्तकांची नोंद आणि पीडीएफ उघडायच्या आहेत. अल्पाइनची (हलकं लिनक्स) ३२-बिट आवृत्ती की नेटबीएसडी (लिनक्ससारखीच वेगळी सिस्टीम)? कोणी एन२७० वर रोज चालवत असेल तर वायफाय आणि मराठी कीबोर्डचं काय झालं ते सांगा. कोअर २ डुओला सर्व्हर करून नेटबुक थिन क्लायंट (काम सर्व्हरवर, इथे फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड) करता येतील, पण तिथेही ३२-बिट कर्नल लागणारच ना?