डेक्कन क्लिफहँगर: क्रूचा अनुभव असलेल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझा मेहुणा यंदा डेक्कन क्लिफहँगर ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत सोलो (एकट्याने) करतोय. पुणे ते गोवा, साधारण 643 किलोमीटर. ट्रेनिंग, सायकल वगैरे त्याचा कोच बघतोय, त्यात मी पडत नाही. मी क्रूमध्ये (गाडीतून सोबत राहून मदत करणाऱ्या टीममध्ये) आहे आणि मला फारसं काही कळत नाही (मी सायकल शेवटची शाळेत चालवली).

मुख्य प्रश्न खाण्याचा. 600 किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) तो 40 तासांच्या आत आरामात काढतो, पण मध्यरात्र उलटली की गोड घशाखाली उतरत नाही. एनर्जी जेल पुढे केलं की तोंड फिरवतो. मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि ताकभात चालतो. कोच म्हणतो ताशी 60 ते 90 ग्रॅम कार्ब पोटात गेलंच पाहिजे. आता एवढं बटाट्यातून कसं भागवायचं? आणि बटाट्याभोवतीचं फॉइल दाताने सोडताना हँडल डगमगतं ते वेगळंच. न थांबता एका हाताने खाता येईल असं खारट काय देता तुम्ही?

दुसरं, रात्री मागून गाडी चालवण्याचं. सरावात हेडलाइटमुळे त्याचीच सावली पुढच्या खड्ड्यावर पडत होती. अंतर किती ठेवता? थोडं डावी-उजवीकडे राहून फरक पडतो का? घाट उतरताना तो सुसाट सुटतो, आम्ही मागे राहतो, तेव्हा काय करता?

ड्रायव्हर दोन पुरतील की तिसरा शोधू? सासूबाई यायचं म्हणताहेत, पण त्यांच्याकडे लायसन्स नाही.