अनुभव हवेत: पडवीत तीन सायकली की एकच सगळीकडे चालणारी?

दापोली
रोडबाईक (२५ मिमी टायर), २६ इंची एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) आणि वडिलांची काळी दांड्याची सायकल. पावसाळ्यात तिघींची निगा राखता राखता जीव जातो. सगळ्या काढून एक ग्रॅव्हल बाईक (डांबर आणि खडी दोन्हींवर चालणारी) घ्यावी म्हणतोय. किनारपट्टीवर कुणी केलंय का असं? कंपन्यांची भांडणं नकोत, स्वतः चालवलेलं सांगा.

गुहागर
केलंय, आणि खूश आहे. टायर ४० मिमी. हेदवीकडच्या आतल्या वाटांवर डांबर कुठे संपेल आणि जांभ्याची खडी कुठे लागेल याचा नेम नाही. थोडी हवा कमी केली की हात बधिर होत नाहीत.
पण टायरपेक्षा गिअर बघा. सागरी मार्ग म्हणजे सपाट असं पुण्या-मुंबईकडच्यांना वाटतं. इथे खाडी आली की उतार, सडा (जांभ्याचं पठार) आला की चढ, दिवसभर तेच. पुढे ३० आणि मागे ३४ दात मिळाले तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेराही होत नाही; सामान लादूनसुद्धा बसल्या बसल्या चढता येतं. दुकानदार रंग आणि वजन सांगतो, दात विचारल्याशिवाय सांगत नाही.

रत्नागिरी
मी उलटा. एकच ठेवली होती, आता पुन्हा रोडबाईक आणली. रविवारी आरे-वारेला ग्रुपबरोबर जातो; जाड टायरवर मागे पडायचो. चाकांचा दुसरा जोड घेऊन पाहिला. पण चाक बदललं की दर वेळी ब्रेकची डिस्क किंचित घासायची, मग कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा चिमटा) सैल करा, पुन्हा आवळा. सकाळी साडेपाचला कोण करतंय!

देवगड
दादा, एक असो की तीन, खारी हवा सगळ्यांना सारखीच. माझ्या लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीट पोस्ट अशी जाम झाली की शेवटी कापून काढावी लागली. आता दर पावसाळ्याआधी बाहेर काढून ग्रीस लावते, आणि पुळणीवरून आले की गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल. एकीचं हे नीट होतं. तिघींचं होत नाही, हेही खरं.

मालवण
काळी इकू नको रे. इकून गावतला काय? भंगाराचो भाव!
बाजारात कुलूप न लावताही उभी करता येते, कॅरिअरवर माशांची पाटी, हँडलला नारळ. नव्या बाईकला कॅरिअरचे बोल्ट तरी आहेत का ते बघ. आणि तिची ट्यूब गावच्या पंक्चरवाल्याकडे नसते. काळीची २८ इंची ट्यूब ७००च्या (ग्रॅव्हल बाईकच्या चाकाचं नेहमीचं माप) टायरात अडीनडीला ओढून चालते, टायर मात्र बसत नाही: तिची रिम ६३५ मिमी, ७००ची ६२२. शिवाय नव्या रिमला बारीक व्हॉल्व्हचं भोक असेल तर काळीच्या ट्यूबची जाडी व्हॉल्व्ह त्यात जायची नाही.

कुडाळ
विकण्याआधी एक करा. एमटीबीला २६ × १.५ चे गुळगुळीत टायर घाला, पुढच्या फोर्कचं स्प्रिंगसारखं दबणं लॉक होत असेल तर करा, आणि महिनाभर फक्त तीच चालवा. रोडबाईकची आठवण नाही आली तर उत्तर मिळालं. खर्च दोन टायरांचा.

दापोली
हे पटलं. काळी राहतेय, तसंही आई विकू देणार नव्हती. टायर मागवतो. कुडाळकर, जुनीच ट्यूब चालेल ना? तिच्यावर २६ × १.९५ लिहिलंय.

कुडाळ
दुमडेल. बारीक घ्या, १.५ला चालणारी.